अडगळ वरच वेगळी करा

बहुमजली इमारतीतला फ्लॅट रिकामा करायचा म्हटलं की सगळे आधी टेम्पो शोधायला लागतात. खरं तर टेम्पो सगळ्यात शेवटी लागतो. घरात असेपर्यंत गादी ही गादी असते, फ्रिज हा फ्रिज असतो. फाटकापाशी एकाच ढिगात पडले की दोन्ही कचरा होतात. कोणती वस्तू कोणाकडे जाणार, हे दाराच्या आत असतानाच ठरायला हवं. खानापूर-आटपाडीकडची गलाई माणसं देशभरातल्या सराफपेठांत सोनाराच्या झाडलोटीची धूळही फेकू देत नाहीत, तिच्यातून सोनं काढतात. अडगळीकडे तशाच नजरेने पाहिलं तर निम्मं काम तिथेच होतं.

कोलकात्यातल्या खिदिरपुरात ही वाटणी करणं त्या मानाने सोपं आहे. १८९२ साली इथली गोदी सुरू झाली आणि तिच्या आसऱ्याने बाजार वाढले. फॅन्सी मार्केट तर परदेशी मालासाठी शहरभर ओळखलं जाऊ लागलं. जुनं विकत घेणारे, दुरुस्ती करणारे, ओझी वाहणारे असे सगळे आजही इथे हाकेच्या अंतरावर आहेत. फक्त कोण काय नेतो, हे माहीत हवं. सकाळी शिट्टी वाजवत येणारा महापालिकेचा सफाई कामगार रोजचा घरगुती कचरा नेतो. त्याच्या गाडीवर मोडकी खुर्ची लादणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हाळी देत फिरणारा बिक्रीवाला म्हणजे आपला भंगारवाला. रद्दी, लोखंड, पितळ, बाटल्या तो किलोवर घेतो. न्हाणीघर फोडून निघालेल्या राडारोड्याला इथे ‘राबिश’ म्हणतात. तो कोणीही फुकट नेत नाही. पैसे भरून त्याची वेगळी सोय करावी लागते आणि तो पोत्यांत भरूनच खाली न्यावा लागतो. या सगळ्यांतून सुटून एकत्र मिसळलेलं जे उरतं, ते शहराच्या पूर्वेला धापा इथल्या कचऱ्याच्या डोंगरावर जातं. तिथे रोज हजारो टन माल येतो, आणि २००२ साली पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या जमिनी त्याला अगदी लागून आहेत.

सगळ्यात जास्त अडवते ती गादी. बंगालमध्ये थंडीच्या तोंडावर धुनुरी, म्हणजे आपल्याकडचा पिंजारी, खांद्यावर धनुकली घेऊन फिरतो. कापसाची तोषक, म्हणजे गादी, असेल तर तो ती उसवतो, कापूस पिंजतो आणि नवं कापड घालून पुन्हा शिवून देतो. उशीतल्या सावरीच्या कापसालाही तो पुन्हा जीव आणतो. कापसाच्या गादीला दुसरा जन्म आहे, फोमच्या गादीला नाही. बिक्रीवाला तिला हात लावत नाही, कारण तिला वजन नाही आणि वजन नाही म्हणजे भाव नाही. गंगेकाठच्या दमट हवेत ती ओल धरते, मग दान म्हणूनही कोणी घेत नाही. स्प्रिंगची असेल तर उसवून तारा तरी भंगारात जातात. फोम मात्र पैसे देऊनच हलवावा लागतो. नवी गादी घेताना दुकानदाराला ‘जुनी नेणार का?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा, असं मी आग्रहाने सांगेन.

लाकडाचं उलट आहे. जुन्या घरातून आलेला बर्मा सागाचा पलंग कोणी पडेल भावात मागितला तर घाई करू नये. रसेल स्ट्रीटवर ‘द रसेल एक्स्चेंज’ हे १९४० पासूनचं लिलावघर आहे. अशा ठिकाणी जुन्या फर्निचरला जाणकार गिऱ्हाईक भेटू शकतं. पाणी पिऊन फुगलेल्या प्लायवूडला मात्र कुठेच मोल नाही.

फ्रिज, टीव्ही, संगणक यांच्याबाबतीत भाव हा एकच निकष धरू नये. भंगारात गेलेल्या फ्रिजची नळी तांब्यासाठी कापली की आतला वायू हवेत जातो. तांब्यासाठीच वायरी जाळल्या जातात आणि तो धूर जाळणाऱ्याच्या, बहुतेकदा एखाद्या पोराच्या, छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या बदली योजनेत किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रात चार पैसे कमी मिळाले तरी वस्तू तिथेच द्यावी.

आता उतरवण्याचं. आठ माणसांच्या लिफ्टची क्षमता ५४४ किलो असते. म्हणजे लोखंडी कपाट वजनाला जड होत नाही, अडतं ते उंचीला. साडेसहा फुटी कपाट लिफ्टच्या दारातून उभं जाईलच असं नाही आणि तिरकं केलं तर आत वळत नाही. म्हणून आधी टेपने माप घ्यावं, पलंगाचे बोल्ट वरच काढावेत, लिफ्टच्या भिंतींना जाड कापड लावावं. सोसायटीची वेळ, लिफ्टची परवानगी आणि पहारेकऱ्यासाठी गेट पास आदल्या दिवशीच घ्यावा. दिवसा अवजड ट्रकना शहरात मज्जाव असतो, त्यामुळे ‘छोटा हाती’ बरा. आपल्याकडे त्यालाच छोटा हत्ती म्हणतात.

‘तोपर्यंत जिन्यात ठेवू’ हे मात्र कधीच नाही. याच शहरातल्या ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयाला ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे आग लागली. तिथे तळघरात वाहनांच्या जागी सामान साठवलेलं होतं. धुराने नव्वदच्या आसपास माणसं गेली. खुद्द खिदिरपुरात जून २०२५ मध्ये ऑर्फनगंज बाजार जळाला, शेकडो दुकानं गेली. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. तेव्हा जिना हीच एक वाट उरते आणि धुरात त्या वाटेवरची मोडकी खुर्ची दिसत नाही. आश्रयासाठी राखलेल्या मजल्यावरच्या जागेलाही हेच लागू आहे.

शेवटी, लिफ्टमध्ये न मावलेलं कपाट जो पाठीवर घेऊन अकरा मजले उतरतो त्या मुटेबद्दल, म्हणजे हमालाबद्दल. महाराष्ट्रात अशा श्रमिकांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली. हे काम कष्टाचं आहे आणि त्याला दाम आहे, हे त्यातून समाजाने मान्य केलं. घरोघरी मात्र अजून सर्रास चालतं ते असं: ‘कपाट तुलाच ठेव, पण उतरवणं तुझं.’ हा सौदा करू नये. भंगाराचा भाव किलोवर ठरवावा, वजन काट्यावर पाहून घ्यावं. मजुरी वेगळी, मजल्यागणिक, काम सुरू होण्याआधी बोलून ठरवावी. सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय कपाटाला हात लावू देऊ नये आणि त्या दुसऱ्याची मजुरीही आपणच द्यावी.