एक फाइल, दोन नावं

आज पायथॉनमधल्या ‘इम्पोर्ट’ या एकाच शब्दावर बोलू. तत्त्वज्ञानाचा मास्तर इथे कसा, असं काहींना वाटत असेल. पण नाव आणि वस्तू यांचं नातं हा आमचा जुनाच प्रश्न आहे.

‘इम्पोर्ट रँडम’ लिहिताना आपण नाव सांगतो, पत्ता नाही. पत्ता पायथॉन शोधतं. ‘सिस डॉट पाथ’ ही फोल्डरांची यादी ते वरून खाली पाहतं आणि आधी सापडेल ते उचलतं. यादीत पहिला मान चालवलेल्या फाइलच्या फोल्डरला. टर्मिनलमध्ये तुम्ही कुठे उभे आहात त्याला नव्हे. म्हणून तुमच्याच फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’ म्हटलंत, की मूळचं रँडम तिच्याआड जातं.

हे निदान लगेच कळतं. न कळणारा घोळ वेगळा आहे. समजा, ‘दुकान’ नावाच्या पॅकेजात ‘बिल डॉट पीवाय’ आहे. एकाने लिहिलं ‘फ्रॉम दुकान इम्पोर्ट बिल’. दुसऱ्याला मॉड्यूल सापडेना, म्हणून त्याने ‘सिस डॉट पाथ डॉट अपेंड’ करून दुकान हे फोल्डरच यादीत घुसवलं आणि नुसतं ‘इम्पोर्ट बिल’ लिहिलं. दोन्ही चालतं! पण आणलेल्या मॉड्यूलची नोंद पायथॉन नावानिशी ठेवतं. नावं दोन, म्हणून नोंदी दोन. फाइल दोनदा चालते, तिच्यातला ‘पावती’ हा क्लास दोनदा जन्मतो, आणि एकीकडची पावती दुसरीकडे तपासली तर ‘ही पावतीच नव्हे’ असं उत्तर येतं. फ्रेगेने १८९२ मध्ये दाखवलं होतं, की पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा यांचे अर्थ निराळे, वस्तू मात्र एकच, आपली शुक्राची चांदणी. इथे नाव बदललं की वस्तूच बदलते.

तेव्हा अपेंडची ठिगळं लावू नका. प्रकल्पाच्या मुळाशी उभं राहून ‘पायथॉन डॅश एम दुकान डॉट सुरुवात’ असं चालवा. मग पहिला मान त्या मुळाच्या फोल्डरला मिळतो. सुरुवातीची फाइल वेगळी ठेवा, कारण चालवलेल्या फाइलचं नाव पायथॉन ‘मेन’ असं करतं. तीच कुणी पुन्हा इम्पोर्ट केली की परत दोन नावं झालीच. प्रकल्प मोठा असेल तर ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ लिहून ‘पिप इन्स्टॉल डॅश ई’ने तो रीतसर बसवून घ्या.

आणि हो, समोरून चिठ्ठी आली आहे: ‘पायथॉनपाथ’ सेट केलं तर? चालेल, पण तुमच्या मशीनवर. शेजारच्याला ते तुम्ही तोंडी सांगणार आहात का?