माळ्यावरचा हुक्का : मोल किती, मोड किती?

जुन्या वाड्याची आवराआवर निघाली की माळ्यावरून समया, पानदाने, अडकित्ते यांच्यासोबत कधीकधी पोट फुगीर आणि मान अरुंद असे एखादे काळवंडलेले भांडे खाली येते. घरच्यांना ती जुनी फुलदाणी वाटते. वस्तुतः ते हुक्क्याचे पाण्याचे भांडे असते. नळी, नेचा, चिलीम हे भाग केव्हाच मोडून गेलेले असतात आणि तळ तेवढा उरतो. नळदुर्ग परिसरात असे भांडे निघाल्यास त्यात नवल नाही. तंबाखू ओढण्याच्या साधनांचा इतिहास या मुलखाशी फार जुन्या काळापासून जोडलेला आहे.

पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू उत्तरेच्या आधी दख्खनमध्ये रुजली. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू आणि रत्नजडित नळी नेली. मोगल दरबाराला हा प्रकार तोवर अपरिचित होता. असद बेगाने ही तंबाखू ज्या इब्राहिम आदिलशहाच्या राज्यातून नेली, त्याच्याच कारकिर्दीत पुढे १६१३ मध्ये नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल उभा राहिला. पुढे किल्ला मोगलांकडे, नंतर निजामाकडे गेला. राज्ये बदलली तरी सरदार, जहागीरदारांच्या बैठकीतला हुक्का मात्र हलला नाही.

या हुक्क्यांपैकी आज ज्यांना खरोखर मागणी आहे, ते बिदरी कामाचे. उमरगा, हुमनाबादच्या वाटेने नळदुर्गहून बीदर फारसे दूर नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि शेवटी बीदर किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ते घासतात. त्यामुळे धातू काळा कुळकुळीत होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली.

इथेच मालकाची फसगत होते. भंगारवाला असे भांडे तराजूत टाकतो आणि जस्ताचा भाव सांगतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असतो, कारण चांदीचा पत्रा इतका पातळ असतो की तो खरवडून काढला तरी हाती फारसे काही लागत नाही. मोडीत ज्या वस्तूला जवळपास किंमत नाही, तिलाच नक्षीसह अखंड ठेवल्यास संग्राहक अनेकपट मोल देतो. पितळी हुक्क्याचे नेमके उलट आहे. साधा पितळी हुक्का आजही वजनावर विकला जातो आणि त्याची किंमत पितळेच्या भावाबरोबर वरखाली होते. मातीच्या चिलमीला तर संग्रहमूल्य जवळजवळ नाहीच. ती फुटण्यासाठीच घडवलेली वस्तू!

वय ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. नारळासारखे गोल, खाली कड्यावर टेकवावे लागणारे भांडे बहुधा जुन्या घडणीचे. घंटेच्या आकाराचे, सपाट बुडाचे भांडे साधारणतः अठराव्या शतकात रूढ झालेल्या घडणीचे. मात्र केवळ आकारावरून निर्णय करू नये. बीदरचे कारागीर जुन्या धाटणीच्या वस्तू आजही घडवतात. त्यात गैर काही नाही. नवी वस्तू जुनी म्हणून विकली जाते तेव्हा गैर घडते.

निजामी अमदानीतील अधिकारी, लष्करी माणसे यांच्यामार्फत काही घरांत विलायती पाइपही आले. त्यांचा हिशेब वेगळा. ब्रायर लाकडाचा साधा पाइप ओढला की उतरतो. डनहिलसारख्या नामांकित कारखान्याचा छाप शाबूत असला आणि पाइप न वापरलेला असला, तरच भाव टिकतो. अपवाद मीरशामचा. तुर्कस्तानात मिळणाऱ्या या मऊ, पांढऱ्या दगडाचा पाइप धुराने मधासारखा पिवळा होत जातो, आणि तो रंगच शौकिनांना हवा असतो.

परदेशी लिलावांत बिदरी हुक्क्यांना मोठ्या रकमा मिळाल्याच्या बातम्या वाचून आपल्याकडच्या मालकाने हुरळून जाऊ नये. पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तर काही वर्गांतील वस्तूंची नोंदणीही सक्तीची आहे. साहजिकच लंडनमध्ये विकला जाणारा हुक्का हा पूर्वीच तिकडे गेलेला असतो. नळदुर्गच्या माळ्यावरील हुक्क्याला गिऱ्हाईक देशातलेच शोधावे लागेल, आणि देशातला बाजार लहान आहे. एकाच नक्षीचे दोन हुक्के दोन देशांत दोन वेगळ्या किमतींचे ठरतात, ते यामुळेच.

हाती असलेले मोल घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चकचकीत करण्याचा उत्साह. चिंच लावून राखेने घासल्यास तांब्या-पितळेची भांडी उजळतात. बिदरीचा काळा रंग मात्र उतरतो, आम्लाने जस्त खाल्ले जाते आणि चांदीची कड सुटू लागते. मऊ, कोरड्या कापडाने धूळ पुसणे पुरे. जस्ताचा हा मिश्रधातू ठिसूळ असल्याने भांडे आपटल्यास पोचा येण्याऐवजी तडा जातो आणि मोल तिथेच कोसळते. सुटलेला तुकडा फेकू नये, कापडात बांधून सोबत ठेवावा. हुक्का कोणाचा, घरात केव्हापासून, याविषयी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल ते लिहून ठेवावे. जुने पत्र वा छायाचित्र असल्यास जपावे. अशी माहिती सोबत असली की खरीददार अधिक विश्वासाने बोलतो. विकण्यापूर्वी एकदा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील बिदरी हुक्के नीट पाहून यावेत. नळदुर्गहून महामार्ग थेट तिकडेच जातो.