घुशीचा पाहुणचार

सकाळी अंगण झाडताना अळूच्या वाफ्याशेजारी भुसभुशीत मातीचा ढीग दिसतो. काल तो नव्हता. मातीत खडे, मुळांचे तुकडे, एखादा कुरतडलेला कंद आणि शेजारी मूठ सहज आत जाईल एवढं भोक. आठवड्याभरात न्हाणीघराच्या भिंतीला लागून दुसरं. शहाबादी फरशीवर काठीने ठोकलं तर एके ठिकाणी आवाज पोकळ येतो आणि पहिल्या मोठ्या पावसात नेमकी तीच फरशी खचते. घूस लागली यावर घरात एकमत होतं आणि कुणीतरी दुकानातून औषध आणतं. विषाला औषध म्हणायची आपली सवय जुनी आहे. माझ्या मते गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण औषध म्हटलं की रोग जाईल असं वाटू लागतं. प्रत्यक्षात अंगणात किती घुशी राहणार हे अंगणच ठरवतं. अन्न, पाणी आणि खणायला मऊ आडोसा जितका, तितक्या घुशी. मारण्याने हा आकडा काही आठवड्यांपुरता खाली येतो, एवढंच.

घूस म्हणून आपण ओळखतो ते एकच जनावर नाही, हे आधी सांगायला हवं. मोठी घूस अर्ध्या किलोपासून किलोभरापर्यंत भरते, डिवचली की केस फुलवून गुरगुरते. इंग्रजीतला ‘बँडिकूट’ हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे डुक्कर-उंदीर यावरून गेला, तो उगाच नाही. तिची धाकटी बहीण काळपट आणि लहान. शेताचे बांध पोखरते, बिळाचं तोंड आतून मातीने बंद करून घेते आणि आत धान्य साठवते. कातकरी मंडळी अशी बिळं खणून उंदरांसोबत हे धान्यही काढत आली आहेत. तिसरा गटाराकाठचा तपकिरी उंदीर, तोही बीळ करूनच राहतो. या गर्दीत फुकट मार खाते ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नाहीच. झुरळं आणि किडे खाते, फरशी खचवत नाही, तरी लांब तोंड आणि उग्र वास या दोन गुन्ह्यांसाठी तिला केरसुणीचा प्रसाद मिळतो.

आता पुरावा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस या संशोधकाने १९४०च्या दशकात याच तपकिरी उंदरांची वस्ती मोजली. विषाने किंवा सापळ्याने निम्मे उंदीर कमी केले तरी परिसर तसाच राहिला की काही महिन्यांत संख्या पूर्ववत होत असे. जिथे कचरा हटला, आडोसे मोडले, तिथे ती खाली आली आणि खालीच राहिली. कारण सरळ आहे. उरलेल्यांना प्रत्येकी जास्त अन्न मिळतं, पिल्लं जास्त जगतात आणि बाहेरचे रिकाम्या जागी येतात. धाकट्या घुशीला पिल्लं व्हायला जेमतेम तीन आठवडे लागतात आणि एका वेतात सहा-आठ पिल्लं सहज होतात. आपल्याकडचं उदाहरण मुंबई महापालिकेच्या मूषक संहारकांचं. काठी आणि विजेरी घेऊन रात्रभर फिरणाऱ्या या कामगारांना एका रात्रीत ३० उंदीर मारायचे, असा दंडक राहिला आहे. काम कष्टाचं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण असा दंडक वर्षानुवर्षं ठेवता येतो, यातच सगळं आलं.

म्हणून काम सुरू करायचं ते निरखण्यापासून. संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीने लिंपावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील ती चालती. तोंडाशी रांगोळीची भुकटी पसरली तर पावलं आणि शेपटीची रेघ उमटते, घूस कुठल्या दिशेने जाते तेही कळतं. ती वाट धरून गेलं की पाहुणचार कुठे मांडलाय ते सापडतं: मांजर-कुत्र्याचं रात्रभर उघडं राहिलेलं ताट, भात-पोळीसकट ओला कचरा टाकलेला उघडा खड्डा, झाडाखाली पडून राहिलेले नारळ आणि पेरू, पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, ठिबकणारा नळ. आडोसाही तिथेच असतो. भिंतीला टेकवून रचलेला विटांचा नाहीतर लाकडांचा ढीग, वर्षभर न हललेला. कंपोस्ट बंद करा असं मी म्हणत नाही. शिजवलेलं अन्न त्यात जाऊ नये आणि खड्ड्याऐवजी तळाला बारीक जाळी असलेलं झाकणाचं पिंप असावं, इतकंच.

यावर पहिला आक्षेप असा की भिंत खचत असताना एवढा धीर कुणाला? विषाने निदान लगेच काही होतं. होतं, पण त्याचा हिशोब पाहा. झिंक फॉस्फाइड जलद मारतं, मात्र घूस नव्या खाण्याला बिचकते. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिषाची सवय लावली नाही तर ती थोडं चाखते, आजारी पडते आणि पुढे त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. मरण काही दिवसांनी येतं, म्हणून तिला संशय येत नाही. पण त्या दिवसांत सुस्तावलेली घूस उचलते ती मांजर किंवा गव्हाणी घुबड आणि विष त्यांच्याही पोटात जातं. गोदामातल्या धान्याला धुरी द्यायच्या गोळ्या घराजवळच्या बिळात टाकणं तर जिवावरचा खेळ आहे. त्यांचा वायू फरशीच्या भेगांतून खोलीत शिरतो आणि त्यावर उतारा नाही. घूस फारच माजली असेल तर वडी वापरावी, पण मुलं आणि कुत्री पोचणार नाहीत अशा बंद पेटीत आणि खरकटं हटवल्यानंतरच. समोर भात असताना ती वडीकडे कशाला वळेल?

मांजर पाळा हा सल्लाही हमखास मिळतो. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिलं, तेव्हा तिथल्या मोकाट मांजरांनी मारलेले उंदीर निघाले फक्त दोन. भरल्या अंगाच्या घुशीशी दोन हात करण्यापेक्षा मांजराला पाल बरी. पिंजऱ्यात धरून ओढ्यापलीकडे सोडणं मनाला बरं वाटतं, फक्त ओढ्यापलीकडेही कुणाचं तरी अंगण असतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेजाऱ्याचा. आपण सगळं नीट केलं आणि कुंपणापलीकडे उकिरडा असला तर? इथे माझा युक्तिवाद खरोखर लंगडा पडतो. आपल्या हातात उरते ती सीमा. जोत्याला लागून हात-दीड हात खोल चर खणून बारीक भोकांची जाड लोखंडी जाळी उभी पुरायची आणि तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवायचं. घूस भिंतीलगत खणत येते आणि त्या आडव्या जाळीवर अडते. शोषखड्ड्याला, पाइपांच्या तोंडांना तीच जाळी. अंगण आणि उकिरडा यांच्यामधली गल्ली मात्र दोन्ही घरांनी मिळूनच साफ करावी लागते.

राहिली बिळं. घूस हटली तरी ती बुजवल्याशिवाय काम संपत नाही. पाणी सोडून बीळ बसवायचा मोह जोत्याजवळ टाळावा, कारण पाण्याने आतली पोकळी आणखी पसरते. विटांचे तुकडे आणि मुरूम थराथराने भरून प्रत्येक थर पहारीने ठोकावा आणि वर माती ओढावी. बीळ तसंच सोडलं तर नवी घूस येते, नाहीतर आयत्या बिळावर नागोबा येतो. आपल्याकडे ही म्हण झाली ती असं बीळ पाहूनच. धामण आली तर ती आपलंच काम करते. पण जोत्यातल्या भोकातून कुठला साप डोकावतोय हे अंधारात कुणी वाकून पाहत नाही. म्हणून बुजवायची वेळ दिवसाची, पावसाळ्याआधीची आणि आदल्या संध्याकाळी लिंपलेली माती सकाळी जशीच्या तशी सापडल्यानंतरची.