पस्तिसाचे तेहेतीस

गुणपत्रिकेवरील आकडा म्हणजे मुलाच्या विद्येचे माप, असे पालक सहसा समजतात. वस्तुतः त्या आकड्यात दोन गोष्टी एकवटलेल्या असतात. मुलाने उत्तरपत्रिकेत काय लिहिले, ही एक. आणि मोजणाऱ्याने कोणती पट्टी हाती घेतली, ही दुसरी. पहिलीची चर्चा घरोघर होते. दुसरीकडे लक्ष जाते ते पट्टी बदलल्यावरच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकाचे शालेय शिक्षणमंत्री मधु बंगारप्पा यांनी अशी पट्टी बदलत असल्याचे जाहीर केले. दहावीच्या, म्हणजे एसएसएलसीच्या, परीक्षेत उत्तीर्ण होण्यास आजवर ३५ टक्के गुण लागत. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून एकूण ३३ टक्के, म्हणजे ६२५ पैकी २०६ गुण, पुरेसे ठरविण्यात आले. प्रत्येक विषयात मात्र किमान ३० टक्के हवेत. केंद्रीय मंडळाच्या परीक्षांत ३३ टक्क्यांचीच मर्यादा आहे, मग राज्यातील मुलांवर अधिक भार कशाला, हे या बदलाचे समर्थन.

कलबुर्गी आणि बीदर या सीमेवरील जिल्ह्यांत या बातमीला विशेष अर्थ आहे. २०२५ च्या दहावीच्या पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्ह्याचा निकाल ९१ टक्क्यांच्या घरात होता. कलबुर्गी जिल्ह्याचा ४२.४३ टक्के. राज्याच्या ३५ शैक्षणिक जिल्ह्यांत तो अखेरचा. शंभरातील अठ्ठावन्न मुले जेथे पहिल्या फेरीत अडतात, तेथे दोन टक्क्यांची सवलत ही किरकोळ बाब राहत नाही.

तथापि या निकालामागचा थोडा इतिहास ध्यानात घ्यावयास हवा. २०२४ मध्ये परीक्षेच्या दालनांत कॅमेरे बसवून थेट देखरेख सुरू झाली. नक्कल करणे अवघड झाले, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर उतरला. तोही वाढीव गुणांची खैरात केल्यानंतर! त्या एका वर्षापुरते वाढीव गुण दहा टक्क्यांवरून वीस टक्के करण्यात आले होते, आणि सुमारे एक लाख सत्तर हजार मुले त्या टेकूवर उभी राहिली. पुढील वर्षी टेकू काढला गेला, आणि कलबुर्गीचे खरे चित्र समोर आले. वाढीव गुण ही एका हंगामाची मदत असते. मर्यादाच खाली आणणे ही कायमची व्यवस्था. दोहोंतील हा भेद वर्तमानपत्री मथळ्यांत पुष्कळदा पुसला जातो. अर्थात मर्यादा खाली आणल्याने शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरत नाहीत, हेही तितकेच खरे.

आता सीमाभागाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बीदर हा हैदराबाद संस्थानातून आलेला एक सलग जिल्हा होता. राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. एका जिल्ह्याच्या लेकरांना तीन परीक्षा मंडळे लाभली. रोटीबेटीचा व्यवहार चालूच राहिला. गुणांचे हिशेब मात्र वेगळे झाले.

औरादच्या मराठी शाळेतील मुलगा पुढील शिक्षणासाठी उदगीर-लातूरकडे पाहतो तेव्हा हे वेगळेपण जाणवते. महाराष्ट्रात २०१० पासून दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवरून काढतात. कर्नाटकात सहाही विषय धरतात. समजा, एका मुलाला प्रथम भाषा मराठीत १२५ पैकी १००, अन्य चार विषयांत प्रत्येकी ८० आणि कन्नडमध्ये ४५ गुण मिळाले. त्याची बेरीज होते ६२५ पैकी ४६५, म्हणजे ७४.४ टक्के. हेच गुण पाच विषयांच्या रीतीने मोजले तर बरोबर ८० टक्के. मुलगा तोच, अभ्यास तोच. दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवून जो केवळ शेवटचा आकडा वाचतो, त्याला यातले काहीच दिसत नाही.

मिशनरी शाळा तरी यातून मोकळ्या असतील, असा काहींचा समज असतो. कलबुर्गीला स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत २००५ मध्ये झाला. परंतु अमेरिकेत जसे कॅथलिक हायस्कूल अथवा तेथील धर्मप्रांत ‘अ’ श्रेणीची रेषा ९३ वरून ९० वर आणू शकतो, तसा अधिकार येथे कोणत्याही शाळाचालकास नाही. शाळा चर्चची असो, मठाची असो वा सरकारची. राज्य अभ्यासक्रम शिकवीत असेल तर दहावीची पट्टी राज्य मंडळाची, आणि केंद्रीय अभ्यासक्रम असेल तर केंद्रीय मंडळाची. त्या केंद्रीय मंडळाची श्रेणी तर आणखीच निराळी. तेथे विषयात उत्तीर्ण झालेल्या सर्वांना गुणानुक्रमे उभे करून आठ भाग पाडतात, आणि वरच्या अष्टमांशास पहिली श्रेणी देतात. कर्नाटकात ९० टक्क्यांची रेषा ओलांडली की ‘अ अधिक’ मिळते, मग ती कितीही जणांनी ओलांडो. एके ठिकाणी श्रेणी मुलाचे गुण सांगते, दुसऱ्या ठिकाणी त्याची रांगेतील जागा.

उरतो प्रश्न काठावरील मुलाचा, आणि नव्या नियमाचा खरा परिणाम त्याच्यावरच आहे. २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली वा दुसरी भाषा म्हणून शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचा पाय पुष्कळदा याच पेपरात अडतो. तेथे आता ३५ ऐवजी ३० गुण चालतील. मात्र सर्व विषयांत तीसच मिळवून भागणार नाही. शंभर गुणांच्या पाच विषयांत प्रत्येकी ३० मिळाले, तर बेरीज होते १५०. २०६ गाठण्यास आणखी ५६ हवेत, आणि ते प्रथम भाषेच्या १२५ गुणांतूनच आणावे लागतील. म्हणजे मराठीत जवळजवळ ४५ टक्के.