आधी गळती, मग भरती

नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी गावाच्या रस्त्यांवर सौरदिवे आहेत आणि प्रत्येक खांबाला स्वतःचं वेगळं पॅनेल आहे. खांबाकडे नीट पाहिलं तर एक संपूर्ण वीजकेंद्र दिसतं. वर पॅनेल, त्याखाली चार्ज कंट्रोलर, डब्यात बॅटरी आणि शेवटी दिवा. दिवसभराची कमाई रात्री पुरवायची आणि ढगाळ दिवसांसाठी थोडी शिल्लक ठेवायची, एवढंच त्याचं काम. मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकघर, बिछाना, पाण्याची टाकी आणि संडास सोबत घेऊन फिरणारी गाडी, आतून याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की इथे विजेसोबत पाण्याचा, गॅसचा आणि उष्णतेचाही हिशोब जमवावा लागतो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं महाराष्ट्राला नवं नाही. तमाशाचे फड हंगामभर ट्रकवर संसार करतात, पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड मजूर बैलगाडीत घर बांधून कारखान्यांवर जातात. हौसेची मोटरहोम मात्र अलीकडची. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तयार गाडी महाग पडते, म्हणून काही हौशी मंडळी जुनी ट्रॅव्हलर किंवा ट्रॅक्स घेऊन आतलं काम स्वतः करतात. मग पहिल्याच उन्हाळ्यात फ्रिज बंद पडतो, पाणी दोन दिवसांत संपतं, रात्री छताखाली झोपवत नाही. यावर बहुतेकांचा उपाय एकच असतो: आणखी एक पॅनेल, मोठी बॅटरी, मोठी टाकी.

राळेगणने हा क्रम उलटा लावला. गावाचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. सैन्यात ट्रक चालवलेले अण्णा हजारे 1975 मध्ये गावी परतले, तेव्हा पाऊस वाढवणं कोणाच्याच हातात नव्हतं. मग पडलेलं पाणी वाहून जातं कुठे, हे आधी शोधलं गेलं. नाला बांध, पाझर तलाव, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही सगळी गळती थांबवण्याची कामं. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवरचा लगाम नंतर आला. याच जिल्ह्यात हिवरेबाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो. मोटरहोमची देखभालही याच क्रमाने करावी, हा या लेखाचा मुद्दा. आधी गळती, मग खर्च, आणि खरेदी सर्वांत शेवटी.

तारेत सांडणारी वीज

घरात 230 व्होल्ट असतात, मोटरहोममध्ये 12. साठ वॉटचं उपकरण घरात पाव अँपियर प्रवाह घेतं, तेच गाडीत पाच अँपियर घेतं. तारेत वाया जाणारा दाब प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून घरच्या सवयीने ओढलेली वायर गाडीत दगा देते.

आकडे मांडून पाहू. बॅटरीपासून फ्रिज सहा मीटरवर आहे. प्रवाहाला जाऊन परत यायचं, म्हणजे बारा मीटर तांबं. दीड एमएमच्या वायरचा एवढ्या लांबीला रोध सुमारे 0.14 ओहम. पाच अँपियरला जवळपास 0.7 व्होल्ट वाटेतच संपतात. चार एमएमची वायर टाकली तर हीच घट पाव व्होल्टवर येते. त्यात एखादं थिंबल नीट दाबलेलं नसेल, फ्यूज होल्डरला गंज चढला असेल, तर आणखी अर्धा व्होल्ट जातो. बॅटरीवर 12.4 व्होल्ट असताना फ्रिजला 11.2 मिळतात. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, दाब आणखी कोसळतो आणि फ्रिजमधलं संरक्षक सर्किट त्याला बंद करतं. मालक म्हणतो, बॅटरी गेली.

तपासणी सोपी आहे आणि साध्या मल्टिमीटरने होते. फ्रिज चालू ठेवायचा. मीटर डीसी व्होल्टवर लावून एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी फ्रिजच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला टेकवायची. मीटर जो आकडा दाखवेल तो त्या एका बाजूला वाया गेलेला दाब. दीड एमएमला तो 0.35 च्या आसपास असायला हवा. 0.9 दिसला, तर दुसरी पिन मागे सरकवत न्यायची: आधी स्विच, मग फ्यूज, मग थिंबल. जिथे आकडा एकदम खाली येतो, त्याच्या लगेच पुढच्या सांध्यात दोष. निगेटिव्ह बाजूही अशीच तपासायची. अनेक गाड्यांत निगेटिव्ह चासीला जोडलेली असते आणि बोल्टखालचा रंग खरवडलेला नसतो. तिथे पॉलिश पेपर फिरवला, ग्रीस लावलं आणि बोल्ट आवळला की ‘गेलेली’ बॅटरी पुन्हा कामाला लागते.

कमाईचा आणि खर्चाचा हिशोब

सांधे ठीक झाले की हिशोब. पंचेचाळीस वॉटचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाचा निम्मा वेळ चालतो असं धरलं तर 540 वॉट-तास. 28 वॉटचा बीएलडीसी पंखा आठ तास, म्हणजे 224. पाच वॉटचे चार दिवे चार तास, 80. मोबाइल, लॅपटॉप 100 आणि पाण्याचा पंप 15. बेरीज जवळपास 960 वॉट-तास, म्हणजे 12 व्होल्टला 80 अँपियर-तास.

शिसे-आम्ल बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून तिथे 160 अँपियर-तासांची बॅटरी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून 80 टक्के बिनधास्त काढता येतात, तिथे 100 पुरते. गाडी सुरू करणारी बॅटरी या कामाला चालत नाही. तिच्या पट्ट्या पातळ असतात, क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनवलेल्या. रोज खोलवर उतरवली की त्या लवकर झिजतात. घरच्या इन्व्हर्टरला लागते ती जाड पट्ट्यांची ट्युब्युलर बॅटरी इथे योग्य.

ती अर्धवट चार्ज ठेवून गाडी महिनाभर उभी केली, तर पट्ट्यांवरचे लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होतात आणि पुढे चार्जिंगने विरघळत नाहीत. स्थिर बॅटरीवर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. लिथियमचा दाब मात्र जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो, त्यामुळे व्होल्टमीटर तिथे फसवतो. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजणारा शंटचा बॅटरी मॉनिटरच लागतो. लिथियम बॅटरी थेट इंजिनच्या अल्टरनेटरलाही जोडू नये. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरकडून झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढते आणि तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा.

कमाईच्या बाजूला 300 वॉटचं पॅनेल. दख्खनवर दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं आणि पाव हिस्सा तूट वजा केली, तर 1,125 वॉट-तास मिळतात, म्हणजे गरज भागते. ही तूट बरीचशी उष्णतेची. पॅनेलवरचे वॉट 25 अंशांना मोजलेले असतात. मे महिन्यात टपावर पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं, तर दर अंशाला सुमारे 0.35 टक्के, म्हणजे एकूण 14 टक्के उत्पादन घटतं. पत्र्याला चिकटवलेलं पॅनेल जास्त तापतं. खाली दोन-तीन इंच हवा खेळती ठेवली, तर थोडी वीज फुकट परत मिळते. राळेगणच्या खांबांवरच्या पॅनेलना ही सोय आपोआप आहे, टपावरच्या पॅनेलला ती मुद्दाम करावी लागते.

नट सुटतो कसा?

नगरमध्ये व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा आहे. लष्करी गाड्यांसोबत नागरी वाहनांच्याही चाचण्या तिथे होतात. गाडी चाचणीच्या रस्त्यावर हादरवून पाहावी लागते, त्याला कारण आहे. घर उभ्या जागी जुनं होतं, गाडीतलं घर मात्र दर किलोमीटरला हलतं. नट सैल का होतो, याचं समाधानकारक उत्तर जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये दिलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या हादऱ्यांनी तो लवकर सुटतो. जोडलेले भाग एकमेकांवर किंचित सरकले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर हरवतं आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. अशा आडव्या सरकण्यापुढे स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ओट्याचे, टाकीचे, पॅनेलचे बोल्ट नायलॉक नटने आवळावेत. आवळलेल्या नटावर आणि पत्र्यावर रंगाची एकच सरळ रेघ ओढून ठेवली, की पुढच्या वेळी पान्याला हात न लावताही सुटलेला नट दिसतो. रेघ तुटलेली असते.

थेंबाचा हिशोब

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी घालवतो. शंभर लिटरच्या टाकीत हे नजरेआड होतं, पण त्याची खूण रात्री ऐकू येते. कोणी नळ उघडलेला नसताना पंप अधूनमधून दोन सेकंद वाजतो. पंपाचा प्रेशर स्विच नळीतला दाब उतरला की पंप सुरू करतो, म्हणजे दाब कुठून तरी निसटतोय. सगळे सांधे कोरडे असतील तर पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पाणी टाकीतच परत जातं.

नगरकडच्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या जाळीवर पांढरं बसतं. लिंबूसत पाण्यात विरघळवून ते काढता येतं. टाकी निर्जंतुक करायला ग्रामपंचायती वापरतात ती टीसीएल पावडर चालते. पण ही दोन कामं एकाच दिवशी, एकाच पाण्यात कधीही करू नयेत. क्लोरीनच्या पावडरला आम्ल भेटलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

भरतीची एक संधी टपावर आहे. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद टपावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी होतं, म्हणजे अख्खी टाकी. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं आणि उरलेलं भांडी, अंघोळीला वापरायचं.

तापलेला पत्रा

या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांत छतावरचा पांढऱ्या मातीचा जाड थर दुपारचं ऊन अडवून धरतो. गाडीला तेवढं वजन झेपत नाही, म्हणून तिथे वजन नसलेला अडथळा लागतो, तो म्हणजे फोम. पोलादातून उष्णता फोमपेक्षा हजारपट सहज वाहते. म्हणूनच सगळीकडे दोन इंच फोम लावून पत्र्याच्या धिऱ्या उघड्या सोडल्या, तर उष्णता त्या धिऱ्यांतून आत येत राहते आणि थंडीच्या पहाटे तिथेच घाम धरतो. हे गंजाचं मूळ. धिऱ्याही पातळ फोमने झाका, टपाला पांढरा रंग द्या आणि वरचं व्हेंट उघडं ठेवा. या तीन गोष्टींनी आत गारवा येतोच, शिवाय फ्रिजही कमी चालतो. उष्णतेची गळती थांबली की वीजही वाचते.

खाली बसणारा गॅस

राळेगणमध्ये गोबर गॅसचे संच आहेत. त्यातला मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. सिलिंडरमधला एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून मोटरहोममध्ये सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारं भोक असायलाच हवं. वरची खिडकी उघडी ठेवून गॅस जात नाही. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस सांध्यावर लावायचा, फुगा आला तिथे गळती. काडी लावून कधीही पाहू नये. शेगडी ऊब घेण्यासाठी बंद गाडीत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हात कुठे थांबवायचा?

सगळंच घरी करायचं नसतं. गॅसची पक्की लाइन, ब्रेक, सस्पेन्शन आणि 230 व्होल्टची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी पुण्याच्या एआरएआयने प्रसिद्ध केलेलं एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. टप कापण्याआधी, आसनं काढण्याआधी आरटीओकडे चौकशी केलेली बरी.

टायरकडेही वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. मोटरहोम फिरते कमी आणि उभी जास्त राहते. नक्षी शाबूत दिसते, पण ऊन आणि ओझोनने बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडलेल्या असतात. टायरवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. टायर जुना झाला की चिरांची तपासणी वाढवायची आणि नक्षीवर विसंबून राहायचं नाही. सामान भरून एकदा वजनकाट्यावर गाडी नेली, तर टाकी आणि बॅटरीने किती भार वाढवला हेही कळतं.

या सगळ्यानंतर ॲक्सेसरीजची यादी आपोआप लहान होते. मल्टिमीटर, बॅटरी मॉनिटर, टाकीला एक साधा पाणी मीटर आणि गॅस-कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, एवढं आधी घ्यावं. त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी वहीत तीन आकडे लिहायचे: वीज किती आली, किती गेली, पाणी किती वापरलं. आठव्या दिवशीही खर्च जास्त दिसला आणि सगळे सांधे तपासून झालेले असले, तर खुशाल दुसरं पॅनेल घ्या. तेव्हा किती वॉटचं घ्यायचं, हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.