जोडीदारासाठी कॅनडाचं पीआर : लग्नाची खरी तारीख कोणती?

(व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

आजचा विषय घरोघरी निघणारा आहे. मुलगा किंवा मुलगी कॅनडात स्थायिक झाली, लग्न इकडे झालं, आता जोडीदाराला तिकडे कायमचं कसं न्यायचं? फॉर्म कुठला, फी किती, वेळ किती लागतो, हे मी आज सांगणार नाही. ते आकडे बदलत राहतात आणि कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर ताजे मिळतात. मी बोलणार आहे ते ज्या गोष्टी एकदा चुकल्या की पुढे दुरुस्त करणं फार जड जातं, त्यांच्याबद्दल.

प्रायोजक म्हणजे कोण?

जो बोलावतो तो प्रायोजक, म्हणजे स्पॉन्सर. तो किमान १८ वर्षांचा आणि कॅनडाचा नागरिक किंवा पीआरधारक असावा लागतो. यात एक फरक आहे. नागरिक परदेशात राहत असला तरी अर्ज करू शकतो, फक्त जोडीदाराला पीआर मिळाल्यावर आपण कॅनडात राहणार आहोत हे त्याला दाखवावं लागतं. पीआरधारकाला मात्र स्वतः कॅनडातच राहून अर्ज करावा लागतो. म्हणजे पीआर घेतलं आणि वर्षभर पुण्यात येऊन बसलो, तर तिथून बायकोला प्रायोजित करता येत नाही.

आणखी एक अट अनेकांना ठाऊक नसते. जो स्वतः नवरा किंवा बायको म्हणून प्रायोजित होऊन आला आहे, त्याला पीआर मिळाल्यापासून ५ वर्षं दुसऱ्या जोडीदाराला प्रायोजित करता येत नाही.

जोडीदाराचे प्रकार तीन. पहिला, कायदेशीर पती किंवा पत्नी. दुसरा, कॉमन-लॉ जोडीदार, म्हणजे लग्नाशिवाय पण सलग किमान १२ महिने एका घरात एकत्र राहिलेले. तिसरा, कॉन्ज्युगल जोडीदार, म्हणजे किमान वर्षभराचं पक्कं नातं आहे, पण कायद्याच्या किंवा तशाच मोठ्या अडचणीमुळे लग्नही करता येत नाही आणि एकत्रही राहता येत नाही. आपल्याकडचे बहुतेक अर्ज पहिल्या प्रकारात बसतात, त्यामुळे आता तिकडे वळू.

'आधी रजिस्टर करून टाकू'

आपल्याकडे पद्धत काय असते? लग्न ठरतं, हॉल डिसेंबरचा मिळतो. मग कोणीतरी सुचवतं, "कागदपत्रांसाठी आत्ताच रजिस्टर करून टाका, खरं लग्न नंतर होईलच." वऱ्हाडाच्या दृष्टीने लग्न डिसेंबरचं. कायद्याच्या दृष्टीने कधीचं?

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली ३० दिवसांची नोटीस देऊन, साक्षीदारांसमोर विवाह अधिकाऱ्याकडे लग्न केलं, तर ते पूर्ण लग्न आहे. त्या दिवसापासून तुम्ही विवाहित. नंतरचे मंगलाष्टक, अक्षता हा आनंदाचा भाग. कायद्याची तारीख पहिलीच.

हिंदू विवाह कायद्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे नोंदणीने लग्न होत नाही. विधी होतात, लग्न लागतं, आणि मग त्याची नोंद होते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट केलं : विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. व्हिसाच्या सोयीसाठी आधी कागद करून ठेवण्याच्या प्रथेवरही न्यायालयाने नेमकं बोट ठेवलं. कॅनडाचा नियम असा की, लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध असलं पाहिजे आणि कॅनडाच्या कायद्यालाही चाललं पाहिजे. त्यामुळे विधी न करता मिळवलेलं प्रमाणपत्र दोन्हीकडे अडचणीत आणतं. फोनवर किंवा एक पक्ष गैरहजर असताना लागलेली लग्नंही २०१५ पासून, काही मोजके अपवाद सोडले तर, स्वीकारली जात नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक

आता नीट लक्ष द्या. समजा, एका मुलाने मार्चमध्ये एक्सप्रेस एन्ट्रीतून पीआरचा अर्ज केला. तेव्हा तो अविवाहित होता आणि त्याने तसं लिहिलं. जुलैमध्ये रजिस्टर लग्न झालं. सप्टेंबरमध्ये पीआर मिळालं, आणि तेव्हाही कागदावर 'अविवाहित'च राहिलं, कारण घरच्यांच्या मते लग्न अजून व्हायचं होतं. डिसेंबरमध्ये थाटात लग्न लागलं. जानेवारीत त्याने बायकोसाठी अर्ज केला.

हा अर्ज नाकारला जातो. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतलं कलम ११७(९)(ड) सांगतं की, प्रायोजकाला पीआर मिळालं त्या वेळी जो कुटुंबीय अस्तित्वात होता पण ज्याची तपासणी झाली नाही, तो पुढे 'फॅमिली क्लास'मध्ये येत नाही. तपासणी म्हणजे वैद्यकीय आणि पार्श्वभूमीची चौकशी. हेतू काय होता, याला या कलमात जागा नाही. लग्न खरं आहे का, हा प्रश्नही इथे निघत नाही. मुलाने मुद्दाम लपवलं असेल किंवा भोळेपणाने राहिलं असेल, निकाल तोच. २००५ मध्ये कॅनडाच्या फेडरल अपील न्यायालयापुढे एका आईचं प्रकरण आलं होतं. स्वतः येताना तिने आपले दोन मुलगे सांगितले नव्हते. पुढे त्यांना बोलावताना हेच कलम आड आलं, आणि न्यायालयाने ते कायम ठेवलं.

एवढ्यावर थांबत नाही. माहिती लपवली असं ठरलं, तर ५ वर्षांची बंदी येऊ शकते आणि मिळालेलं पीआरही धोक्यात येतं. २०१९ मध्ये सरकारने यावर एक तात्पुरती सवलत आणली, पण ती मुख्यतः निर्वासितांसाठी आणि स्वतः प्रायोजित होऊन आलेल्यांसाठी होती. मग उरतो तो मानवतेच्या आधारावर विनंती करण्याचा मार्ग. तो लांबचा आहे आणि पूर्णपणे अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून आहे.

मग करायचं काय? दोन सरळ रस्ते आहेत. एक, पीआर हातात पडेपर्यंत कोणत्याही स्वरूपाचं लग्न करायचं नाही. साखरपुडा चालतो, तो विवाह नाही. दुसरा, लग्न झालंच तर पीआर मिळण्याआधी इमिग्रेशन खात्याला लेखी कळवायचं आणि जोडीदाराची तपासणी करून घ्यायची, ती लगेच सोबत येणार नसली तरीही. मधला रस्ता नाही.

ठरवून केलेलं लग्न आणि पुरावे

"आमचं कांदेपोहे करून झालेलं लग्न, दोन महिन्यांत उरकलं, अधिकारी विश्वास ठेवेल का?" ठेवतो. ठरवून लग्न करण्याला कायद्याचा आक्षेप नाही. अधिकारी दोन गोष्टी पाहतो : लग्न मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं का, आणि नातं खरं आहे का. २०१० पासून यातल्या एकाही गोष्टीत शंका आली तरी अर्ज नाकारता येतो.

म्हणून गोष्ट क्रमाने सांगा. स्थळ कोणी आणलं, पत्रिका पाहिली का, पहिली भेट कुठे झाली, कोण कोण होतं, निर्णय कधी झाला, लग्नानंतर किती दिवस एकत्र राहिलात. फक्त स्टेजवरचे फोटो नकोत. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी दिसतील असे हवेत. लग्नपत्रिका, हॉलची पावती, प्रवासाची तिकिटं, विमा किंवा बँकेतलं वारसदाराचं नाव, हे सगळं उपयोगी पडतं. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं.

नावाचा गोंधळ हा खास आपला. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. पासपोर्टवर माहेरचं, आधारवर सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच. सगळी नावं फॉर्ममध्ये लिहा आणि कुठलं कधीपासून ते सांगा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : प्रायोजकाचा पगार किती लागतो?
नवरा-बायकोसाठी साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. मात्र प्रायोजक सरकारी मदतीवर जगत नसावा. अपंगत्वासाठीची मदत चालते. तो ३ वर्षांची लेखी हमी देतो. त्या काळात जोडीदाराने सरकारी मदत घेतली, तर ती रक्कम प्रायोजकाकडून वसूल होऊ शकते. घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीचा नवरा म्हणतो, "भांडलीस तर तुझं पीआर रद्द करीन." त्याला ते करता येतं का?
नाही. पीआर मिळाल्यानंतर ते तिचं स्वतःचं आहे. नवऱ्याला अर्ज मागे घेता येतो तो पीआर मिळण्याआधी. २०१२ ते २०१७ या काळात, काही जोडप्यांना, २ वर्षं एकत्र राहण्याची अट होती. ती अट स्त्रियांना छळ सहन करायला भाग पाडते, अशी टीका झाली आणि सरकारने ती काढून टाकली. आणि पीआर मिळण्याआधीच हिंसाचार होत असेल, तर अशा व्यक्तींसाठी २०१९ पासून तात्पुरत्या परवान्याची वेगळी सोय आहे. हे बहिणीला आजच फोन करून सांगा.

प्रश्न : आम्ही दोघी मुली आहोत. भारतात आमचं लग्न होऊ शकत नाही. मग?
कॅनडात समलिंगी जोडप्यांना हेच नियम लागू आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही, तरी तुमचे रस्ते बंद होत नाहीत. १२ महिने एकत्र राहिला असाल, तर कॉमन-लॉ. भाडेकरार, वीजबिल, जे दोघींच्या नावावर असेल ते जपून ठेवा. तेही शक्य नसेल, तर कॉन्ज्युगल, आणि भारतात लग्न करता येत नाही हीच तिथे तुमची अडचण म्हणून मांडता येते. शिवाय जिथे असं लग्न कायदेशीर आहे त्या देशात जाऊन, दोघींनी हजर राहून लग्न केलं, तर कॅनडा ते मानतो.

वेळ संपली आहे. ज्यांच्या घरी सध्या अर्ज चालू आहे आणि लग्नही ठरतंय, त्यांनी हॉलची तारीख पक्की करण्याआधी पीआरच्या अर्जाची स्थिती एकदा पाहून घ्यावी.