हत्ती पोसायचा की सोडायचा?

पटकन सांगा, तुमचा पासपोर्ट कधी संपतोय? मागच्या भाडेकरारात डिपॉझिट किती लिहिलं होतं? आणि कोकणातल्या त्या घरगुती खानावळवाल्या काकूंचा नंबर?

नाही ना आठवत? आठवायची गरजच काय! सगळं अ‍ॅपमध्ये आहे. आपली पिढी लक्षात ठेवत नाही, सेव्ह करते. म्हणूनच त्या अ‍ॅपचं काही खरं नाही असं कानावर आलं, की पोटात गोळा येतो. पैसे बुडायची भीती वेगळी आणि ही वेगळी. इथे आपली आठवणच दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली असते.

माझं कपाट म्हणजे एव्हरनोट. हिरव्या रंगाचा हत्ती! हत्ती काही विसरत नाही म्हणतात, म्हणून तो लोगो. दारात हत्ती झुलणं म्हणजे आपल्याकडे थाटच. पण चारा महाग झाला की हाच हत्ती पांढरा वाटायला लागतो. गेली काही वर्षं एव्हरनोट वापरणारे बरेच जण याच विचारात आहेत, पोसायचा की सोडायचा? मीही त्यातलीच एक.

अंबारी ते उतरण

२००८ साली हे अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं झालं. फोनवर लिहा, कॉम्प्युटरवर वाचा, वेबपान एका क्लिकवर साठवा, फोटोतला मजकूरसुद्धा शोधा... त्या काळात ही जादूच होती. २०१२ मध्ये कंपनीची किंमत १ अब्ज डॉलर धरली गेली. तेव्हाचे प्रमुख फिल लिबिन तर शंभर वर्षं टिकेल अशी कंपनी उभारायची भाषा करायचे. मध्ये एकदा कंपनीने चक्क मोजे आणि बॅगासुद्धा विकायला काढल्या होत्या!

मग उतरण लागली. मार्च २०१३ मध्ये हॅकर आत शिरले आणि जवळपास ५ कोटी लोकांना पासवर्ड बदलायला लावावे लागले. २०१६ च्या जूनमध्ये फुकट वापरणाऱ्यांना दोनच उपकरणांची मर्यादा आली. त्याच डिसेंबरमध्ये काही कर्मचारी लोकांच्या नोट्स वाचू शकतील असं नवं धोरण जाहीर झालं. त्यावर एवढा गदारोळ झाला, की कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. २०२० मध्ये अ‍ॅप नव्याने लिहून काढलं गेलं, त्यावरही जुने लोक रुसले.

खरा धक्का पुढे होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये इटलीतल्या मिलानची बेंडिंग स्पून्स ही कंपनी एव्हरनोट विकत घेणार, असं जाहीर झालं. २०२३ च्या फेब्रुवारीत १२९ जणांची नोकरी गेली. जुलैमध्ये अमेरिका आणि चिलीमधल्या बहुतेक सगळ्यांना नारळ मिळाला आणि कारभार युरोपात हलला. त्याच वर्षी अमेरिकेत वैयक्तिक प्लॅनची वर्षाची किंमत साधारण ७० डॉलरवरून १३० डॉलरवर गेली. म्हणजे आपल्या हिशोबात दहा हजारांच्या वर! डिसेंबर २०२३ मध्ये फुकटच्या खात्याला ५० नोट्स आणि १ वही एवढीच मर्यादा आली. आधीच्या जास्तीच्या नोट्स बघता येणार, बदलता येणार, बाहेरही काढता येणार, फक्त नवीन घालता येणार नाही.

दादा विरुद्ध मैत्रीण

हे सगळं ऐकल्यावर माझा मावसभाऊ, जो स्वतः आयटीत आहे, एकदम म्हणाला, “अगं, बसलीयेस काय? जी माणसं ते चालवायची तीच गेली! आजच्या आज बाहेर पड.”

ऑफिसातली मैत्रीण मात्र निवांत. “चालतंय ना? मग कशाला उकरतेस? पंधरा वर्षांचा पसारा हलवणं म्हणजे घर बदलण्यासारखं आहे बाई!”

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. दादाच्या भीतीला दाखले आहेत. गूगल नोटबुक २०१२ मध्ये बंद झालं. स्प्रिंगपॅड नावाचं झकास अ‍ॅप जून २०१४ मध्ये गेलं, तेही साधारण महिनाभराची मुदत देऊन. त्या महिन्यात तुम्ही परीक्षेत किंवा लग्नाच्या गडबडीत असाल तर? दुसरीकडे मैत्रिणीचा मुद्दाही खरा. ज्यांनी पैसे मोजून अ‍ॅप विकत घेतलं ते उद्या सकाळी टाळं कशाला लावतील? उलट नवे मालक आल्यावर एकाच नोटेवर दोघांना एकाच वेळी लिहिता येण्यासारख्या सोयी आल्याच की.

मग लक्षात आलं, आपण प्रश्नच उलटा विचारतोय. ‘कंपनी बुडेल का?’ याचं उत्तर माझ्या हातात नाही. ‘ती बुडाली तर माझं नक्की काय जाईल?’ याचं उत्तर मात्र एका रविवारात मिळू शकतं.

रविवारचा पंचनामा

चहाचा थर्मास घेऊन बसले. सहा हजारांवर नोट्स! त्यातलं निम्म्याहून जास्त ‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेलं. कुठे कुठे स्वस्त टूर मिळते, ॲब्ज कसे करावेत, २०१४ मधल्या बेस्ट फोनची यादी... जुन्या ऑफिसच्या मीटिंगांचे मुद्दे तर इतके, की ते ऑफिसच आता राहिलं नाहीये.

गेल्या वर्षभरात यातलं मी काय उघडलं? मोजलं, तर चाळीसेक नोट्स. आणि जगात दुसरीकडे कुठेही न मिळणारं काय आहे? फार तर दोन डझन. बाबांच्या अँजिओप्लास्टीचे कागद आणि त्यानंतर कोणती गोळी कधी बदलली त्याची नोंद. पहिल्या घराच्या पावत्या. आणि एक साडेसात मिनिटांचं रेकॉर्डिंग.

ते आजीचं आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात तिने गोडा मसाला करताना सांगितलेलं प्रमाण, मी सहज फोन समोर ठेवून टिपलेलं. “वाटीभर धणे घे, पण माझी वाटी हं, तुमची नाही!” असं म्हणून ती हसते. मागे कढईत खोबरं परतल्याचा आवाज. दगडफूल, नागकेशर, तीळ सगळं ती सांगते, पण किती ते ‘अंदाजाने’. आजी २०१९ मध्ये गेली. ती वाटी कुठली, ते आता फक्त त्या हसण्यात आहे.

सहा हजार नोट्सचं टेन्शन त्या क्षणी संपलं. मला सांभाळायचं होतं ते एवढंच. आणि ते एकाच कपाटात, दुसऱ्याच्या किल्लीखाली ठेवणं बरोबर नव्हतं, मग त्या कपाटाचा मालक अमेरिकेत असो की मिलानला.

आधी कॉपी, मग काडीमोड

राहायचं की जायचं हा दुसरा प्रश्न. पहिलं काम, आपली प्रत आपल्या हातात घेणं. एव्हरनोटमध्ये हे कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमधून होतं. वहीवर राइट क्लिक करायचं आणि ती एक्स्पोर्ट करायची. दोन पर्याय महत्त्वाचे. एक ‘एनेक्स’ नावाची फाइल, जी दुसरी अ‍ॅप्स वाचू शकतात. दुसरा एचटीएमएल, जो कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. मी दोन्ही घेतले.

मग प्रयोग. सगळं एकदम हलवण्याआधी दहाच नोट्स निवडा, मुद्दाम अवघड. एक मराठीतली, एक फोटोवाली, एक पीडीएफवाली, एक चेकलिस्ट, एक आवाजाची. त्या नव्या अ‍ॅपमध्ये टाका आणि शोधून बघा. ‘मसाला’ टाइप केल्यावर मसाला सापडतो का?

पर्याय बरेच आहेत. आयफोन-मॅकवाल्यांना अ‍ॅपलच्या नोट्समध्ये एनेक्स फाइल थेट घेता येते. जॉप्लिन मुक्त स्रोत आहे, तेही या फाइल्स वाचतं. ऑब्सिडियनमध्ये तुमच्या नोट्स साध्या मजकुराच्या फाइल्स म्हणून तुमच्याच डिस्कवर राहतात. उद्या ते अ‍ॅप बंद पडलं तरी कुठल्याही नोटपॅडमध्ये त्या उघडतील. नोशन दिसायला देखणं, पण तिथेही कपाट दुसऱ्याचंच, हे विसरू नका.

निघताना हे बघा

– वह्या एकेक करून एक्स्पोर्ट करा आणि फाइलला वहीचं नाव द्या. टॅग सोबत येतात, वहीचं नाव फाइलच्या आत नसतं.
– एका नोटेतून दुसऱ्या नोटेकडे जाणाऱ्या लिंक बऱ्याचदा तुटतात. महत्त्वाच्या असतील तर हाताने जोडाव्या लागतील.
– पासवर्ड लावून लपवलेला मजकूर आधी उघडा, मगच एक्स्पोर्ट करा.
– वर्गणी थांबवणं वेगळं आणि खातं पुसून टाकणं वेगळं. खातं निदान सहा महिने राहू द्या.
– वर्गणीच्या नूतनीकरणाची तारीख बघा आणि त्याआधी महिनाभर हे काम काढा. शेवटच्या रात्री नाही!

मग, मी काय केलं?

मी वर्गणी थांबवली. कंपनीवर राग म्हणून नाही, चाळीस नोट्ससाठी एवढा चारा परवडत नाही म्हणून. वाण्याची यादी, गाडीची सर्व्हिसिंग असलं रोजचं आता फोनमधल्या साध्या नोट्समध्ये असतं. जुना साठा जॉप्लिनमध्ये. आजीचा आवाज मात्र कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही. तो साधी फाइल म्हणून माझ्या हार्ड डिस्कवर आहे, दादाकडे आहे आणि आत्याकडेही. ऐकून आत्याचा लगेच फोन आला. “अगं, ती वाटी माझ्याकडेच आहे की! पितळेची, काठाला पोचा आलेली.” मोजून बघितली, पाव किलोला जरा कमी धणे मावतात. आता प्रमाणही लिहून झालंय.

माझी सीए मैत्रीण मात्र एव्हरनोटमध्येच राहिली आहे. तिच्याकडे हजारो स्कॅन केलेली बिलं आहेत आणि फोटोतल्या अक्षरांवरून ती दिवसातून वीस वेळा शोधते. तिला तेवढे पैसे सार्थकी लागतात. फक्त दर तीन महिन्यांनी ती सगळ्या वह्यांची प्रत काढून ठेवते. शहाणी आहे!

तेव्हा राहा किंवा निघा, दोन्हीत कमीपणा नाही. पण दरवाजा उघडतो की नाही, हे आत सुखात असतानाच तपासून घ्या. आणि निघालातच तर पूर्ण निघा. दोन वह्या ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवल्यात, तर हत्ती जाईल आणि शेपूट राहील. नेमकं त्या शेपटाला तुमच्या आजीचा आवाज बांधलेला असू नये, एवढंच.